मान्सूनचा अंदाज सांगताना शक्यतांचा तक्ता आधी ठेवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दरवर्षी एप्रिलच्या मध्यावर भारतीय हवामान खाते नैऋत्य मोसमी पावसाचा पहिला दीर्घ पल्ल्याचा अंदाज जाहीर करते आणि दुसऱ्या दिवशी आपल्यासह सगळ्या मराठी दैनिकांच्या पहिल्या पानावर एक टक्केवारी आणि तिच्या जोडीला एक विशेषण झळकते. त्या अंदाजामागच्या विज्ञानाबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती मांडणीबद्दल. आपल्या कामातली कोणती गोष्ट पहिल्या ओळीत सांगायची आणि कोणती खाली तक्त्यात ठेवायची, ही निवड शास्त्रज्ञ स्वतः करतात, आणि तिचे परिणाम मात्र दुसऱ्यांना भोगावे लागतात. माझी नोकरी संख्याशास्त्र शिकवण्यात गेली आणि घरची शेती बार्शी तालुक्यातली, कोरडवाहू. त्यामुळे हा विषय मला दोन्ही अंगांनी जवळचा आहे.

उदाहरण म्हणून २०२३ साल घेतो, कारण त्या वर्षी ही गोष्ट फार स्पष्ट दिसली. ११ एप्रिलला खात्याने सांगितले की, देशात जून ते सप्टेंबर या काळात दीर्घकालीन सरासरीच्या ९६ टक्के पाऊस होईल, या आकड्यात ५ टक्क्यांची कमी-अधिक त्रुटी संभवते आणि म्हणून मान्सून सामान्य राहील. दीर्घकालीन सरासरी म्हणजे १९७१ ते २०२० या ५० वर्षांची देशाची सरासरी, सुमारे ८७ सेंटिमीटर. खात्याच्या वर्गवारीत ९६ ते १०४ टक्के म्हणजे सामान्य, ९० ते ९५ म्हणजे सरासरीपेक्षा कमी, ९०च्या खाली तुटीचा, १०५ ते ११० म्हणजे सरासरीपेक्षा जास्त आणि ११०च्या पुढे अतिरिक्त. आता ९६ हा आकडा सामान्य गटाच्या अगदी खालच्या काठावरचा आहे. त्यात ५ टक्क्यांची त्रुटी धरली तर प्रत्यक्ष पाऊस ९१ ते १०१ यांच्यामध्ये कुठेही पडू शकतो, आणि त्यातला जवळजवळ अर्धा पट्टा सामान्य गटाच्या बाहेर, खालच्या बाजूला जातो. हे समजायला संख्याशास्त्र शिकलेले असावे लागत नाही.

खात्याने हे लपवले होते असे मात्र म्हणता येणार नाही. त्याच निवेदनात पाच ओळींचा एक तक्ता होता. त्यात प्रत्येक गटाची शक्यता दिली होती : तुटीचा पाऊस २२ टक्के, सरासरीपेक्षा कमी २९, सामान्य ३५, सरासरीपेक्षा जास्त ११ आणि अतिरिक्त ३. पहिल्या दोन ओळींची बेरीज ५१ होते. म्हणजे ज्या दिवशी ‘मान्सून सामान्य’ असे जाहीर झाले, त्याच दिवशी जाहीर करणाऱ्यांच्याच तक्त्याप्रमाणे पाऊस सामान्यापेक्षा कमी होण्याची शक्यता निम्म्याहून किंचित जास्त होती. शेजारच्या रकान्यात आणखी एक माहिती होती, ती कोणत्याच बातमीत मला दिसली नाही. कोणतेही प्रारूप, म्हणजे अंदाज काढण्याचे गणित, न चालवता, निव्वळ मागच्या वर्षांच्या अनुभवावरून या पाच गटांची शक्यता अनुक्रमे १६, १७, ३३, १६ आणि १७ टक्के इतकी धरली जाते. दोन्ही रकाने शेजारी शेजारी ठेवून वाचले की कळते, सामान्य पावसाची शक्यता ३३ वरून ३५ झाली, म्हणजे तिथे नवीन असे काही नव्हतेच. नवीन होते ते टोकांना : अतिरिक्त पावसाची शक्यता १७ वरून ३ वर घसरली होती आणि खालच्या दोन गटांची मिळून ३३ वरून ५१ वर चढली होती. शास्त्रज्ञांच्या हाती त्या दिवशी जी खरी बातमी होती ती हीच होती, आणि मथळ्यासाठी पुढे केला गेला तो नेमका ज्यात बातमी नव्हती तो गट.

गंमत पुढे आहे. आदल्याच दिवशी, १० एप्रिलला, स्कायमेट या खासगी संस्थेने ९४ टक्क्यांचा अंदाज दिला होता आणि त्याला सरासरीपेक्षा कमी म्हटले होते. ९४ आणि ९६ यांमध्ये, दोन्हीकडची त्रुटी लक्षात घेतली तर, संख्याशास्त्राच्या दृष्टीने फरक असा नाहीच. दोन्ही प्रारूपे जवळपास एकच गोष्ट सांगत होती. पण एकाचा आकडा रेषेच्या अलीकडे पडला, दुसऱ्याचा पलीकडे, आणि वाचकाच्या हातात लागोपाठच्या दोन दिवसांत परस्परविरोधी मथळे आले. चावडीवर चर्चा सुरू झाली ती ‘खरे कोणाचे?’ याची. त्या वादात शास्त्रज्ञांपैकी कोणीतरी पुढे येऊन ‘अहो, आम्ही दोघेही तेच म्हणतोय’ असे सांगायला हवे होते.

हंगाम संपला तेव्हा देशाचा पाऊस सरासरीच्या ९४ टक्क्यांवर थांबला होता : ८६८.६ मिलिमीटरच्या जागी ८२० मिलिमीटर. जुलैत सरासरीपेक्षा १३ टक्के जास्त, ऑगस्टमध्ये ३६ टक्के कमी, सप्टेंबरमध्ये पुन्हा १३ टक्के जास्त. १९०१ पासूनच्या नोंदींमध्ये इतका कोरडा ऑगस्ट झाला नव्हता. सोयाबीनला फुले लागण्याच्या आणि शेंगा भरण्याच्या दिवसांत पावसाने ओढ दिली आणि ३१ ऑक्टोबरला राज्य सरकारला ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर करावा लागला; त्यात आमचा बार्शी तालुकाही होता. खात्याचा अंदाज चुकला का? मुळीच नाही. ९४ हा आकडा त्यांनी दिलेल्या त्रुटीच्या मर्यादेत बसतो, एल निनो (प्रशांत महासागराचे पाणी तापून आपला मान्सून दुबळा करणारी स्थिती) तयार होण्याची शक्यताही त्यांनी एप्रिलमध्ये सांगितली होती. अंदाज बरोबर ठरला आणि तरीही तो ऐकून बसलेला माणूस फसला, असे ज्या वेळी होते त्या वेळी दोष प्रारूपात शोधून उपयोग नसतो.

याच प्रकाराचे दुसरे टोक २०१७ साली बीड जिल्ह्यात दिसले. माजलगाव तालुक्यातल्या आनंदगावच्या शेतकऱ्यांनी दिंद्रुड पोलीस ठाण्यात हवामान खात्याच्या पुणे आणि कुलाबा येथील संचालकांविरुद्ध तक्रार दिली. चांगल्या पावसाच्या अंदाजावर विसंबून पेरणी केली, पाऊस गायब झाला, आणि हा अंदाज बियाणे-कीटकनाशक कंपन्यांशी संगनमत करून दिला, असा त्यांचा आरोप होता. त्या वेळी शहरी वर्तमानपत्रांतून या तक्रारीची बरीच टिंगल झाली. संगनमताचा आरोप निराधार होता हे मलाही मान्य आहे. परंतु खात्याने देशासाठी आधी ९६ आणि मग ९८ टक्के सांगितले होते, प्रत्यक्षात देशात ९५ टक्के पडला, आणि याच हंगामात माजलगावच्या शेतात उगवण करपली. खाते आपल्या जागी बरोबर होते आणि शेतकऱ्याचे नुकसानही खरे होते. काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंतच्या पावसाच्या सरासरीचा एका शिवाराशी किती थोडा संबंध असतो, हे त्या शेतकऱ्यांना कोणी कधी समजावून सांगितले होते का, एवढाच प्रश्न उरतो. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर आणि त्याच दिवशी कुलाब्याला ७३ मिलिमीटर पाऊस झाला होता. एका शहरात, एका दिवसात ही तफावत असेल तर देशाच्या सरासरीवरून माजलगावचे काय सांगणार?

थोडे मागे जाणे भाग आहे, कारण ही सवय जुनी आहे. १९८८ पासून खाते शास्त्रज्ञ वसंत गोवारीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तयार केलेले १६ घटकांचे प्रारूप वापरत होते. त्या काळी सरासरीच्या १० टक्के अलीकडे-पलीकडे, म्हणजे ९० ते ११०, इतका रुंद पट्टा सामान्य मानला जाई. १९८९ ते २००१ ही सलग १३ वर्षे पाऊस या पट्ट्यात पडला आणि दरवर्षी अंदाज खरा ठरल्याचे सांगितले गेले. प्रारूप कष्टाने बनवलेले होते, त्यामागची विद्वत्ता खरी होती. पण १९९४ मध्ये अंदाज होता ९२ टक्क्यांचा आणि पाऊस झाला ११० टक्के, १९९९ मध्ये अंदाज १०८ आणि पाऊस ९६, तरी दोन्ही वर्षे यशाच्या खात्यात जमा झाली. त्या १३ वर्षांत कुणी डोळे मिटून दरवर्षी ‘यंदा सामान्य’ असे म्हणत राहिले असते तर तेही शंभर टक्के बरोबर ठरले असते. मग २००२ उजाडले. अंदाज १०१ टक्क्यांचा होता, पाऊस झाला ८१ टक्के. त्या जुलैत तर निम्माच पडला. इतकी वर्षे लोकांना जे यश म्हणून सांगितले गेले होते, त्यात प्रारूपाचा वाटा किती आणि नशिबाचा किती हे कधी वेगळे करून दाखवले नव्हते. म्हणून एका वर्षाच्या अपयशाने सगळीच पत गेली. २००४ मध्ये पुन्हा तेच झाले : अंदाज १००, पाऊस ८७.

या बाबतीत सुलोचना गाडगीळ यांचा उल्लेख करायलाच हवा. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या या पुणेकर शास्त्रज्ञ २०२५ च्या जुलैमध्ये निवर्तल्या. २००४ च्या अपयशानंतर त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३२ पासूनचे अंदाज आणि प्रत्यक्ष पाऊस समोरासमोर ठेवून जाहीरपणे लिहिले की, प्रारूपे बदलत गेली, पण अंदाजाची गुणवत्ता सात दशकांत सुधारलेली नाही. त्या सहकाऱ्यांमध्ये खुद्द हवामान खात्यातले शास्त्रज्ञही होते. आपल्याच क्षेत्राचा ताळेबंद असा उघड मांडल्याने विज्ञानाची प्रतिष्ठा कमी झाली नाही. उलट त्यानंतर प्रारूपे पुन्हा बदलली, २०२१ पासून अनेक प्रारूपांचा मेळ घालून अंदाज देणे सुरू झाले. तो ताळेबंद मात्र संशोधनपत्रिकेत राहिला, आणि एप्रिलच्या पत्रकार परिषदेपर्यंत पोहोचला नाही.

शास्त्रज्ञांना चांगली मांडणी जमत नाही असे कोणी म्हणेल तर ते मला मान्य नाही. चक्रीवादळांच्या बाबतीत याच खात्याने याच देशात ती करून दाखवली आहे. जून २०२० मध्ये निसर्ग वादळ येत होते तेव्हा सुरुवातीच्या सूचनांत ते हरिहरेश्वर ते दमण यांच्या दरम्यान किनारा ओलांडेल असे सांगितले होते. एक बिंदू न देता पट्टा दिला, नकाशावर पुढे पुढे रुंदावत जाणारा शंकू काढला, वादळ जवळ आले तसा पट्टा लहान होत गेला आणि ३ जूनला ते रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. वादळ दमणला गेले नाही म्हणून दमणच्या कोणीही खात्याला खोटे ठरवले नाही. अनिश्चितता नकाशावरच काढून दाखवली की कोळ्यालाही ती कळते, कलेक्टरलाही कळते. मग तीच रीत पावसाच्या हंगामी अंदाजाला लावताना हात का आखडतो?

यावर मला नेहमी मिळणारे उत्तर असे की, सामान्य माणसाला शक्यता समजत नाहीत, त्याला हो किंवा नाही एवढेच हवे असते. हे उत्तर देणाऱ्यांनी मे महिन्यात एखाद्या कृषी सेवा केंद्राच्या बाकड्यावर तासभर बसावे. आमच्याकडे वर्तमानपत्रातले अंदाजाचे कात्रण काउंटरच्या काचेखाली सरकवलेले असते; दुकानदार त्यावर बोट ठेवून सोयाबीनची पिशवी पुढे करतो आणि समोरचा शेतकरी विचारतो, “ते ऱ्हाऊ द्या, आपल्याकडं मिरगात वापसा व्हईल का, आन् पुढं उघडीप किती दिसाची?” तो अर्ध्या रानात सोयाबीन आणि अर्ध्यात तूर-उडीद लावतो, बियाण्याची एखादी पिशवी दुबार पेरणीसाठी राखून ठेवतो, पीकविम्याचा हप्ता भरायचा की नाही याचा हिशेब करतो. शक्यतांचे गणित याहून वेगळे काय असते? मृगाचे वाहन म्हैस आहे की उंदीर, यावरून पंचांग वाचणारा समाज ‘कमी, मध्यम, भरपूर’ या भाषेला पिढ्यान्‌पिढ्या सरावलेला आहे. बुलढाणा जिल्ह्यातल्या भेंडवळची घटमांडणी, म्हणजे घट मांडून केलेले पावसापाण्याचे भाकीत, आपणही दरवर्षी अक्षय्य तृतीयेनंतर छापता. मी तिच्यावर विश्वास ठेवत नाही, आणि कोणी ठेवावा असेही सुचवत नाही. पण जूनमध्ये कसा, जुलैत कसा, कोणते पीक साधेल, कोणते जाईल, अशा शेतकऱ्याच्या मनातल्या प्रश्नांच्या क्रमाने ती बोलते. खऱ्या विज्ञानाने देशाच्या सरासरीची टक्केवारी सांगून उठून जावे आणि शेतकऱ्याचे प्रश्न घटमांडणीसाठी किंवा मोबाइलवर तालुकानिहाय तारखा वाटणाऱ्या स्वयंघोषित हवामानतज्ज्ञांसाठी सोडून द्यावेत, हे काही बरे नाही.

२०२५ च्या खरिपात केंद्रीय कृषी मंत्रालयाने १३ राज्यांतल्या सुमारे ३.८ कोटी शेतकऱ्यांना मान्सूनच्या आगमनाचे अंदाज संदेशांद्वारे पाठवले. त्या वर्षी पाऊस केरळात २४ मे रोजी आणि मुंबईत विक्रमी लवकर, २६ मे रोजी पोहोचला आणि नंतर जूनच्या मध्यापर्यंत राज्यात रेंगाळला. ‘मान्सून दाखल’ एवढेच वाचून चाड्यावर मूठ धरणाऱ्याला तेव्हा फटका बसला असता. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, हा कृषी विद्यापीठाचा जुना सल्ला मानणारा वाचला. हा सल्ला मला आदर्श वाटतो. त्यात भाकीत नाही, बढाई नाही. आपल्या रानात मोजता येईल अशी अट आहे.

सरकारी सोयीचा भागही दुर्लक्षून चालणार नाही. एप्रिलचा अंदाज जसा शेतकरी ऐकतो तसाच शेअर बाजार ऐकतो, महागाईची चिंता करणारे अर्थ मंत्रालय ऐकते, आणि ‘सामान्य’ म्हटले की सगळ्यांना हायसे वाटते. २०१६ मध्ये खात्याने आपल्या परिभाषेतून देशव्यापी ‘दुष्काळी वर्ष’ ही संज्ञा काढून ‘तुटीचे वर्ष’ अशी आणली. दुष्काळ जाहीर करणे हे राज्य सरकारांचे काम, हे त्यामागचे कारण तांत्रिकदृष्ट्या पटण्याजोगे आहे, तरी एक बोचरा शब्द कमी झाल्याचे कोणालाच वाईट वाटले नसावे. मे २०२५ मध्ये पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने विकसित केलेली ६ किलोमीटर जाळीची (म्हणजे नकाशाचे तेवढ्या चौकोनांत तुकडे करून हिशेब करणारी) अंदाजप्रणाली सुरू झाली, तेव्हा तर पंचायत पातळीवर अंदाज मिळणार असा गाजावाजा झाला. १२ किलोमीटरची जाळी ६ वर आणणे हे मोठेच काम आहे आणि मराठी माणसाला पुण्याचा अभिमान वाटावा असेही. मात्र जाळी निम्मी झाली म्हणून चूकही निम्मी होत नाही, हे वाक्य त्या गाजावाजात कोणी उच्चारले नाही.

माझ्या सूचना साध्या आहेत आणि त्यांना नवे संशोधन लागत नाही. पत्रकार परिषदेची सुरुवात पाच गटांच्या तक्त्याने करावी आणि त्याच्या शेजारी अनुभवसिद्ध शक्यतांचा रकाना तितक्याच ठळकपणे द्यावा. आपल्या मागच्या दहा एप्रिलांचे अंदाज आणि त्या त्या वर्षांचा पाऊस निवेदनाच्या पहिल्याच पानावर छापावा. २०१९ मध्ये ९६ सांगून ११० पडला आणि २०२१ मध्ये आधी ९८, मग १०१ सांगून ९९ पडला, हे दोन्ही त्यात दिसू दे. निवेदनासोबतच्या शक्यतांच्या नकाशावर जो भाग पांढरा सोडलेला असतो, त्याचा अर्थ तिथे प्रारूपाला कोणताच कौल मिळालेला नाही असा असतो. तो अर्थ सूचीतल्या बारीक अक्षरांतून काढून तोंडाने सांगावा. आणि हंगामात खंड कधी पडेल हे एप्रिलमध्ये सांगता येत नाही, त्यासाठी दर गुरुवारी येणारा चार आठवड्यांचा विस्तारित अंदाज पाहावा, त्यातही पहिल्या दोन आठवड्यांवर अधिक भिस्त ठेवावी, हे स्वतः शास्त्रज्ञांनी मराठीतून, कॅमेऱ्यापुढे सांगावे.

आपल्याकडूनही एक अपेक्षा आहे. येत्या एप्रिलमध्ये मथळा काहीही द्या, पण तो पाच ओळींचा तक्ता दोन्ही रकान्यांसह पहिल्या पानावर छापा. ३० सप्टेंबरनंतर तोच तक्ता पुन्हा घेऊन त्याच्या शेजारी देशाचा, मराठवाड्याचा, विदर्भाचा, मध्य महाराष्ट्राचा आणि कोकण-गोव्याचा प्रत्यक्ष पाऊस लिहा.

आपला,
एक निवृत्त संख्याशास्त्र प्राध्यापक,
बार्शी, जि. सोलापूर